चौथं बोट

ते लाकूड जरा आत सरकव, यमन. धूर तुम्हा तरण्यांना सोडून माझ्याच डोळ्यांत येतो. हां, असं. कान्छा, मका भाजला असेल तर दे एक कणीस. माझे दात मोजू नकोस, खातो मी बरोबर.

पाटाची राखण आज आपल्या चौघांवर आहे. पाळीपाळीने एकेकाने उठायचं, पाणी वाटणाऱ्या साँचोपर्यंत जायचं, अडकलेली पानं काढायची, खेकड्यांनी भोकं पाडली असतील तिथे चिखल थापायचा आणि परत यायचं. यंदाही पाऊस रुसलाय, त्यामुळे ज्याचा त्याचा डोळा पाण्यावर आहे. सगळ्यांची रोपं माना टाकून बसलीत, मधल्या वाडीत पाटाला लागून असलेलं एकट्या यमनचं शेत तेवढं हिरवंगार. हाताला गुण आहे बाबा तुझ्या. लाजतोस काय, कौतुकच करतोय.

टेकू, त्या कोनाड्याला टेकून बसू नकोस. नाही रे, साप नाही. कापडाखाली पाटीचा तुकडा आहे, छपरावर घालतात त्या दगडाचा. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट म्हणजे घडलेली. माझा मीत होता ना डम्बर सारू, त्याच्यावर आलेली. मीत म्हणजे टिका लावून, सगळ्या गावासमोर जोडलेला. सख्ख्या भावापासून लपवलेलं त्याने मला सांगितलं होतं.

टेकू सात वर्षं कतारला राहून आलाय, साँचो आणि उखळ यांतला फरक विसरला असेल, म्हणून त्याच्यापुरतं सांगतो. पाटात आडवं बसवलेलं साल झाडाचं लाकूड म्हणजे साँचो. त्याच्या वरच्या कडेला खाचा कोरलेल्या. ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढी त्याची खाच रुंद. आपल्या या खालच्या साँचोला दोनच खाचा. मोठी बारा बोटांची, ती मधल्या वाडीची. लहान चार बोटांची, ती देउमायाच्या खाचरांची. दोन्ही खाचांवरून पाणी सारख्या उंचीने पडलं की वाटणी बरोबर. बांबूच्या काठीवर बोटांच्या खुणा असतात. ती काठी खाचेत आडवी धरायची. नेमकी बसली की भांडण मिटलं.

आणि मिटायचंच. कारण काठी डम्बरच्या हातात असायची. साँचो बसवणारा तो, मोजणारा तो. त्याने मान हलवली की मुखियासुद्धा पुढे बोलायचा नाही.

भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. असार, म्हणजे लावणीचा महिना, लागला तरी आभाळात ढग नाही. मधल्या वाडीची रोपं पिवळी पडायला लागली, आणि त्यात डम्बरचीही होती. रोज संध्याकाळी तो बांधावर उकिडवा बसायचा आणि घरात येऊन बायकोवर खेकसायचा. एका रात्री तो पहार घेऊन साँचोवर गेला. लाकडाचं एक टोक त्याने उचकटलं आणि त्याखाली पाटीचा एक तुकडा सरकवला. जाडी किती, तर आपल्या कोदोच्या भाकरीएवढी. वरून चिकणमाती थापली, मातीवर शेवाळ लावलं. टोक कोणतं, ते कळलं ना? देउमायाच्या बाजूचं. तिची खाच वर उचलली गेली आणि पाणी मोठ्या खाचेकडे कललं.

रुंदी मात्र होती तेवढीच. कितीही वेळा काठी लावा, चार बोटं म्हणजे चार बोटं. आपल्याकडे शंभर वर्षं सगळे रुंदीवरून भांडत आले. लाकूड तिरकं आहे का, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते फक्त बसवणाऱ्याला ठाऊक.

दोन रात्रींपुरतं, मग काढून टाकतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःशी बोलताना माणसाची जीभ फार गोड होते.

आता देउमाया. तुम्ही लहान होतात, तुम्हाला तिच्या शिव्या तेवढ्या आठवत असतील. नवरा कधीच गेलेला, मुलगा मलेशियात, सून बाळंतपणाला माहेरी. एकटी राबायची. तिच्या उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीशेजारचं, पोरवयात विळ्याने पेरभर उडालेलं. त्या थोट्या बोटावर ती पाणी मोजायची. रोज पहाटे यायची आणि खाचेत चार बोटं उभी धरायची, टोकं खाली लाकडाला टेकवून. पाणी पुरेसं असलं की थोटं बोटही भिजायचं. कमी असलं की बाकीची तीन ओली आणि थोटं कोरडं. तिचं मोजमाप एवढंच.

डम्बरने पाटी सरकवली त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती मुखियाच्या अंगणात हजर.

"मुखियाबा, माझं पाणी कमी झालंय."

"कशावरून म्हणतेस?"

"बोट भिजत नाही."

अंगणात बसलेले सगळे हसले. मुखिया म्हणाला, "आता पाऊससुद्धा तुझ्या गुडघ्यावरून मोजायचा का, देउमाया?"

"मोजा की. माझा गुडघा खोटं बोलत नाही. तुमच्या अंगणातली माणसं बोलत असतील."

तरी सगळे गेले साँचोवर. डम्बर काठी घेऊन पाण्यात उतरला. मोठी खाच बारा बोटं. लहान खाच चार बोटं. काठी अशी बसली की केसही मधे जाऊ नये. तो म्हणाला, "बरोबर आहे, दिदी."

तिने काठीकडे पाहिलंच नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात पुसत म्हणाली, "तू म्हणतोस ना भाई? मग माझंच बोट आखडलं असेल."

हे वाक्य मला सांगताना डम्बर रडला होता. साठ वर्षांचा माणूस, फौजेत राहून आलेला. म्हणाला, मीत, तिने मला शिवी दिली असती ना, तर मी त्याच रात्री पाटी काढली असती. तिने विश्वास ठेवला. मग कुठल्या तोंडाने काढू?

दोन रात्रींच्या दहा झाल्या. तिची रोपं करपायला लागली. शेवटी एका पहाटे तिने मोठ्या खाचेत गवताचं ढेकूळ बसवलं आणि पकडली गेली. सभा बसली. पाणीचोर ठरली. पाटाचा नियम होता, चोराची खाच तीन दिवस बंद. मुखियाने तिच्या खाचेत बोळा कोंबायला लावला. कोंबला कुणी? अर्थात डम्बरनेच. साँचोला हात लावायचा मान त्याचा.

ती भांडली नाही. तीन दिवस साँचोजवळ शाल पांघरून बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच विचारायची, "वेळ संपली का रे?"

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता पाळीवाल्याला ती दिसली. कुशीवर पडलेली. शरीर गार झालं होतं. शिक्षा संपल्यावर तिने बोळा काढून काठावर नीट ठेवला होता आणि हात खाचेत घातला होता. कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं काळीज थांबलं. खाचेतून हात बाहेर काढायला डम्बरलाच वाकावं लागलं. तीन बोटं पाण्याने सुरकुतलेली होती. चौथं कोरडं.

तेव्हा तरी त्याने काढायची ना पाटी? नाही काढली. दिवसा लाकूड हलवलं तर लोक विचारणार, रात्री एकट्याने तिकडे जायचा धीर नाही. सून तान्हं पोर घेऊन माहेरहून आली, सासूचं शेत करायला लागली. पाणवठ्यावर बायका तिला चोरणीची सून म्हणायला लागल्या. डम्बरच्या अंगणावरूनच ती घागर घेऊन जायची. तो आत जाऊन बसायचा.

कान्छा, झोपलास की काय? बरं, नुसते डोळे मिटलेत. मिट.

असार संपला, साउनची संक्रांत आली. महिन्याचा पहिला दिवस. तुम्हाला माहीतच आहे, त्या संध्याकाळी आपण सुपं बडवत अंगणातून जळती लाकडं चारी दिशांना भिरकावतो, खरूज-नायटा घेऊन जा म्हणतो. त्यानंतर वाटेवर कुणी फिरकत नाही. जेवणं झाली आणि मुखियाने हाक मारली.

"डम्बर, आजच्या पाळीवाल्याला ताप भरलाय. एक चक्कर टाकून ये. पानं काढ आणि ये परत. अर्ध्या तासाचं काम."

नाही कसं म्हणणार? काय कारण देणार? त्याने कुदळ घेतली, मोबाईलची बत्ती लावली, खिशात भाजलेला मका टाकला आणि निघाला. कड्याच्या कडेकडेने, पाटाच्या बांधावरून. हीच वाट. वाटेत दोन भोकं बुजवली. शीळसुद्धा घालत होता म्हणे. खालच्या खोऱ्यात फेकलेली लाकडं अजून धुमसत होती. ढगाआड चंद्र होता. वारा नव्हता.

साँचो दिसायच्या आधी ऐकू येतो. तुम्हीही ऐकलंय. मोठ्या खाचेचा जाड आवाज आणि लहान खाचेचा बारीक. दोन्ही मिळून एक.

त्या रात्री फक्त जाड आवाज येत होता.

पान अडकलं असेल, तो मनाशी म्हणाला. पुढे गेला. वळण घेतलं.

साँचोजवळ कुणीतरी बसलेलं होतं.

डोक्यावरून शाल. पाठ त्याच्याकडे. उजवा हात पाण्यात.

त्याला वाटलं, सून असेल. म्हणाला, "बुहारी, एवढ्या रात्री? घरी तान्हं पोर आहे. जा, पाणी मी बघतो."

तो दोन पावलं पुढे गेला.

"बुहारी…?"

हात पाण्यातून वर आला. सावकाश. बत्तीच्या उजेडात आला. तळवा त्याच्याकडे.

एक बोट ओलं. दुसरं ओलं. तिसरं ओलं. थेंब गळत होते.

चौथं… पेरभर आखूड.

कोरडं.

"बघ रे भाई," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. अंगणात विचारावं तसा. "तूच बघून सांग. भिजलंय का?"

डम्बरने बत्ती आणखी जवळ धरली.

"तू म्हणशील तसं."

…

बत्ती हातातून पडली. पाण्यात. विझली.

तो मला म्हणाला, पळावंसं वाटलं नाही, मीत. पळालो असतो तर तिने मला थांबवलं नसतं, एवढं मला कळत होतं. त्यामुळेच पळता आलं नाही. गुडघ्यांवर बसलो. अंधारात कुदळीने माती उकरली. लाकडाच्या टोकाखाली कुदळीचा दांडा घातला. उचललं.

हात खाली घातला.

गार चिखल. खडे. मुळं. पाटी लागेना.

अजून आत. कोपरापर्यंत.

आणि मग पाटी हाताला लागली… नाही, चुकलो. डम्बर ज्या शब्दांत सांगायचा त्याच शब्दांत सांगतो. त्याला पाटी सापडली नाही. लाकडाखालून कुणीतरी ती त्याच्या हातात दिली.

…

त्याने हात ओढला. लाकूड धप्पकन खाली बसलं. सरळ बसलं. अंधारात बारीक आवाज सुरू झाला. जाड आणि बारीक, दोन्ही. होती नव्हती ती ताकद लावून त्याने पाटी दरीत फेकली.

पडल्याचा आवाज आला नाही.

मागे कुणी नव्हतं. तो घरी कसा आला ते त्यालाच ठाऊक नाही. रात्रभर चुलीपुढे बसून होता. बायकोने रक्सी, घरची दारू, दिली, ती तशीच वाटीत राहिली. पण मनातून त्याला हलकं वाटत होतं बरं का. झालं, तो म्हणत होता. दिदीचं पाणी दिदीला गेलं. आता कुणाला काही कळायचं कारण नाही.

उजाडलं. बायकोने दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर पाटीचा तुकडा. चिखल धुतलेला, स्वच्छ. त्यावर बोटांचे चार ठसे. तीन पाण्याने ओले, नुकतीच बोटं टेकवावीत तसे. चौथा आखूड. तो नुसता दगडात पुसट दिसत होता. कोरडा.

डम्बरने पाटी उन्हात ठेवली. दुपारी बघितलं, तीन ठसे ओले. चुलीवर धरली. फडक्याने पुसली. राखेने घासली. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "दगड कसला भाजताय? मला सांगणार आहात की नाही?"

तेव्हा तिला सांगितलं. सगळं, पहिल्या रात्रीपासून. तिने पाटी त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग म्हणाली, "पाणी परत केलंत. पण गावात चोर अजून तीच आहे."

त्याच संध्याकाळी त्याने मुखियाला सभा बोलवायला लावली. देउमायाच्या सुनेला स्वतः जाऊन बोलावून आणलं. सगळ्यांच्या मधे पाटी ठेवली आणि सांगितलं, "ही साँचोखाली मी घातली होती. दिदीच्या टोकाखाली. काठी लावली तेव्हा मला माहीत होतं. बोळा कोंबला तेव्हाही माहीत होतं. ती चोर नव्हती. चोर मी."

कुणी हसलं नाही. मुखियाने टोपीला हात लावला, मग खाली घेतला. आपल्या अंगणात काय झालं होतं ते त्यालाही आठवत असणार.

सून उठली. पोर काखेत होतं. सगळ्यांना वाटलं ही आता त्याच्या तोंडावर थुंकेल, आणि थुंकली असती तर कुणी अडवलं नसतं. ती पाटीजवळ आली, वाकली, ठशांवर आपली बोटं ठेवून पाहिली. मग म्हणाली, "डम्बरबा, काठी तुमच्याकडेच राहू दे. पण यापुढे साँचो बसवला की आधी माझ्या सासूचं बोट बघायचं. मग काठी."

तेव्हापासून आपल्या काठीला टोकाशी पेरभर उंचीवर एक आडवी खूण आहे. टेकू, तू विचारत होतास ना सकाळी, ही कशाची म्हणून? पाणी तिथवर चढलं पाहिजे. दोन्ही खाचांत.

आणि पाटी? सभा उठली, डम्बरने ती उचलली. आखूड ठसा ओला झाला होता.

मग ती या कोनाड्यात आली. साँचोच्या जवळ, राखणीच्या झोपडीत. चैतात ओठ फुटतात तेव्हाही मी पाहिलीय. चारही ठसे ओले. शास्त्र शिकलेला एक इंजिनिअर आला होता, म्हणाला दगडात पाणी मुरतं. मुरत असेल. डम्बर रोज पहाटे यायचा, कापड उचलायचा, चौथा ठसा बघायचा आणि मगच पाण्यात हात घालायचा. मरेपर्यंत. मला एकदा म्हणाला, मीत, मला तिची भीती वाटत नाही. एखाद्या सकाळी तो ठसा कोरडा दिसेल, त्याची वाटते. तसा दिसला तर समजायचं, साँचोखाली परत कुणाचा तरी हात गेला.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या जागी आता मी बघतो. रोज. आजवर कधी बोलायची वेळ आली नव्हती.

काल बघितला, वाटलं माझी नजर गेली. आज पहाटे पुन्हा बघितला. बोट लावून बघितलं.

…

मी कुणाचं नाव घेत नाही. घेणारही नाही. त्या पोरीचं, देउमायाच्या सुनेचं शेत साँचोच्या खालीच आहे, सकाळी ती येईल, काठीची खूण बघेल आणि सगळ्यांसमोर विचारेल. की नाही विचारणार, आपलंच काही चुकत असेल म्हणून गप्प परत जाईल. सासूसारखी. तिच्या तशा गप्प जाण्याचीच मला जास्त भीती वाटते.

टेकू, राहू दे ते कापड. हात लावू नकोस.

बरं, लाव. बघच.

तीन ओले ना? आणि चौथा…

हं.

यमन, कुठे निघालास? पाळी तर कान्छाची आहे. बरं, तू जा. कुदळ घेतलीस? घे. बत्ती पण घे, पण तिथे जाऊन हातातून पाडू नकोस. आणि वळणावर कुणी बसलेलं दिसलं तर पळू नकोस, बाळा. ती तुला थांबवणार नाही.

जाऊ दे त्याला. कुणी मागे जायचं नाही. गप्प बसा आणि ऐका. आत्ता फक्त जाड आवाज येतोय… बारीक सुरू झाला की मला सांगा. मी तोवर ही पाटी मांडीवर घेऊन बसतो.